समुद्राकडे जाणारी वाट



गोल्फ म्हणजे श्रीमंत पुरुषांचा खेळ, त्यावर मी काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या जूनमध्ये मुलाकडे स्कॉटलंडला गेले होते. तेव्हा पाहिलेलं सेंट अँड्र्यूज हे गाव सध्या घरातल्या एका व्यवहारामुळे सारखं आठवतंय.

तिथल्या समुद्राकाठच्या गोल्फच्या मैदानांना ‘लिंक्स’ म्हणतात. म्हणजे आपली पुळणच! समुद्र आणि शेती यांच्या मधला वाळूचा, उंचसखल पट्टा. पीक येत नाही, झाड टिकत नाही, वारा थांबत नाही. आपल्याकडे तिथे मर्यादवेल पसरते, त्यांच्याकडे बारीक, चिवट गवत उगवतं. अशा जमिनीवर लोक मेंढ्या चारायचे, कपडे वाळत घालायचे आणि खेळायचे. लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून खेळत बसतात म्हणून 1457 साली तिथल्या संसदेनं गोल्फवर बंदीसुद्धा घातली होती! मैदानातले वाळूचे खड्डे वाऱ्याला आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी केले, असं सांगतात. आणि आज जगभर चालणारा 18 होलांचा हिशेब इथलाच. 1764 मध्ये 22 चे 18 केले.

मी बी.कॉम., त्यामुळे मला जमिनीची गोष्ट जास्त आवडली. 1797 साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेनं ही जमीन हातची घालवली. ती सशांचा व्यापार करणाऱ्यांकडे गेली आणि वर्षानुवर्षं भांडणं, कोर्टकचेऱ्या झाल्या. 1821 मध्ये चीप नावाच्या जमीनदारानं ती विकत घेऊन मैदान वाचवलं. शेवटी 1894 मध्ये खास कायदा करून गावानं ती परत घेतली. आज जगातलं सगळ्यात नावाजलेलं ते मैदान सार्वजनिक आहे. एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात.

मला सगळ्यात भावली ती तिथली वाट. गावातून समुद्राकडे जाणारा रस्ता थेट मैदानातून जातो. विनाकारण हिरवळ तुडवू नये असं आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं, म्हणून मी त्या रस्त्यावरूनच चालले. मी पलीकडे जाईपर्यंत खेळणारे थांबले. मुलगा म्हणाला, “आई, हा यांचा उपकार नाही, तुझा हक्क आहे.” सूर्यास्त रात्री दहाला, म्हणजे जेवणाचीही घाई नव्हती. निवांत समुद्र पाहिला.

आता घरचा व्यवहार. वेंगुर्ल्याकडे सासऱ्यांनी घेतलेली वीस गुंठे पुळण आमच्याकडे आहे. एक एजंट मागणी घेऊन आलाय. आजूबाजूची जमीनही घेताहेत, रिसॉर्ट होईल, पुढेमागे गोल्फही, असं म्हणतो. रेडीच्या पलीकडे तेरेखोलला असंच गोल्फचं मैदान होणार होतं, तेव्हा काजूच्या बागा कसणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण कोर्टात गेलं, हे आपण वाचलंय. स्कॉटलंडमध्ये बारमाही भुरभुर पाऊस पडतो, गवत आपोआप जगतं. आपल्याकडे चार महिने धो धो आणि मे महिन्यात विहिरी तळाला. किनाऱ्यावरच्या विहिरीतून जास्त उपसा झाला की पाणी खारं होतं. वाळूवरची हिरवळ कुणाच्या पाण्यावर जगवायची?

पण माझी अडचण त्याहून साधी आहे. आमच्या जमिनीतून रापणकरांची वाट जाते. जाळं खांद्यावर घेऊन ते समुद्राकडे जातात, बायका मासे घेऊन परततात. तो धंदा आपल्या धर्मात बसत नाही, पण सासऱ्यांनी ती वाट कधी अडवली नाही. कुंपण पडलं की ती बंद होणार.

ह्यांना आणि धाकट्या दीरांना विकायचं आहे, नातवंडांच्या शिक्षणाला पैसा हवाच. माझंही नाव सातबाऱ्यावर आहे. मी सांगितलंय, खरेदीखतात वाट लिहा, तिची रुंदी लिहा, नकाशात दाखवा, मग सही करते. एजंट म्हणतो, वाट लिहिली तर भाव उतरेल. दीर चार दिवस बोलले नाहीत. ह्यांनी मात्र परवा नकाशाचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, “किती फूट लिहायची?”

तुमच्या जमिनीतून अशी कुणाची वाट जात असेल, तर सातबारा काढून ‘इतर हक्क’ या रकान्यात तिची नोंद आहे का, तेवढं बघा.