‘लई’चे माप

इंग्रजीतील ‘व्हेरी’ हे क्रियाविशेषण ‘खरा’ या अर्थाच्या लॅटिन ‘व्हेरुस’पासून जुन्या फ्रेंचमार्गे आले आणि खरेपणाची ग्वाही देता देता गुणाची तीव्रता सांगू लागले. गुणाचे किंवा क्रियेचे प्रमाण दाखवणाऱ्या अशा शब्दांना परिमाणवाचक क्रियाविशेषणे म्हणतात, आणि मराठीतही त्यांचा प्रवास असाच घडलेला दिसतो: ‘खूप’च्या मुळाशी फारसी ‘खूब’, म्हणजे चांगला, हा शब्द आहे, तर ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’, म्हणजे विस्तीर्ण, विपुल, याचा प्राकृतातून आलेला वंशज आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या बोलीत मात्र हे काम प्रामुख्याने ‘लई’ करते. ‘लई ऊन हाय’, ‘लई दिसांनी आलास’, ‘लई राबली बिचारी’ या तीन वाक्यांत ते अनुक्रमे तीव्रता, संख्या आणि श्रम मोजते, पण आकडा कोठेच सांगत नाही. ते माप ऐकणाऱ्याच्या अनुभवातच असावे लागते. बालाघाटाच्या रांगांवरील हा मुलूख पर्जन्यछायेत येतो, म्हणून भूम-परंड्याच्या शेतकऱ्याने ज्याला ‘लई पाऊस’ म्हणावे तो कोकणात आषाढातला साधा दिवस ठरेल, आणि तरीही दोघांचेही म्हणणे खरेच असेल, कारण १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या प्रदेशाची पावसाची अपेक्षाच वेगळी असते.

या शब्दाचे खरे सामर्थ्य त्याच्या उच्चारात आहे. पाणिनीने दुरून हाक मारताना संबोधनातील अंत्य स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, होतो असे सांगितले आहे. धाराशिवकडचा माणूस अंतरासाठी नव्हे तर प्रमाणासाठी स्वर लांबवतो आणि ‘लऽऽई लांब हाय’ म्हणताना शब्द स्वतःच वाटेइतका लांबतो. कुंथलगिरीचा खवा ‘लई ग्वाड’ म्हटला की ती शुद्ध तारीफ असते, पण त्याच शब्दाला ‘च’ जोडून ‘लईच शाना झालास’ म्हटले की कौतुक उलटून बोल लावणे होते. लिपीला या छटा अवग्रहाच्या खुणेपलीकडे टिपता येत नाहीत, हे मोठे नुकसान आहे.

शाळेच्या वहीत ‘लई’ खोडून त्याजागी ‘खूप’ लिहायला लावण्याची रीत म्हणूनच खटकते. ‘खूप’ फारसीतून आला असूनही तो प्रमाण मराठीचा मानला जातो, आणि तसे मानणे योग्यच आहे, कारण शब्दाचा हक्क जन्मावरून नव्हे, वापरावरून ठरतो; परंतु हाच न्याय ‘लई’लाही लागू करावयास हवा, आणि निबंधात नाही तरी कथेतील संवादात, आठवणींच्या लेखनात, माणसाचे बोलणे जसेच्या तसे उतरवताना तरी तो शब्द मुलांच्या हातून खोडला जाऊ नये.