भाषांतरकार आणि समासातील टीप

संगणक मध्येच बंद पडला म्हणजे आपण यंत्रास दोष देतो, नाहीतर ते हाताळणाऱ्या माणसास. या दोघांच्या मध्ये तिसरा एकजण बसलेला असतो. त्याचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवरही आले नसेल. त्यास कंपायलर म्हणतात. यंत्रास केवळ आकड्यांची भाषा कळते, मनुष्य ‘सी’सारख्या भाषेत लिहितो, आणि कंपायलर हा या दोन भाषांमधील भाषांतरकार होय. ज्यांनी लॅटिनमधून मराठीत एखादा उतारा उतरविला आहे, त्यांस हे सांगावयास नको की चांगला भाषांतरकार शब्दास शब्द ठेवीत नाही. तो वाक्ये मोडतो, मागचे पुढे करतो, द्विरुक्ती गाळतो. कंपायलरही तेच करतो आणि ते त्याचे कर्तव्यच आहे; अर्थ कायम राखून काम जलद व्हावे, एवढीच अट.

संगणकाच्या अगदी तळाशी ‘कर्नल’ नावाचा प्रोग्राम असतो. मेमरी कोणास द्यावयाची, कोणाचे काम आधी चालवावयाचे, हे तो ठरवितो. लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ साली आरंभिलेला लिनक्स हा असाच एक कर्नल असून अँड्रॉइड फोनांच्या तळाशीही तोच असतो. तो बव्हंशी ‘सी’ भाषेत लिहिलेला आहे. परंतु प्रोसेसरला द्यावयाच्या काही आज्ञा त्या भाषेत बोलताच येत नाहीत. अशा ठिकाणी लिहिणारा मध्येच यंत्राच्या बोलीतील एक-दोन ओळी घालतो. यास इनलाइन असेंब्ली असे नाव आहे. मराठी पुस्तकात एखादी लॅटिन ओळ मुळातल्यासारखीच ठेवावी, तसेच हे. भाषांतरकार त्या ओळीचे शब्द बदलीत नाही, पण तिचा अर्थही तो जाणत नाही. तिच्यालगत समासात जी टीप लिहिली असेल, तेवढीच तो प्रमाण मानतो : ही ओळ अमुक मूल्य घेते, अमुक देते, प्रोसेसरमधील अमुक रजिस्टर बिघडविते, मेमरीस हात लाविते. टीप अपुरी असली तर भाषांतरकार निर्धास्तपणे शेजारची वाक्ये हलवितो, आणि अनर्थ होतो.

कधी कधी दोष खरोखरच भाषांतरकाराचा असतो. २०१४ सालच्या जुलैमध्ये लिनक्सची ३.१६ ही आवृत्ती तयार होत असताना काहींची यंत्रे अकारण कोसळू लागली. प्रोसेसरांमध्ये कामाची समान वाटणी करणाऱ्या भागात हे घडे. टोरवाल्ड्स यांनी जीसीसी ४.९.० या कंपायलरने केलेले भाषांतर ओळीओळीने वाचले, तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक कार्यभाग आरंभी ‘स्टॅक’वर आपली जागा राखून घेतो आणि मग तेथे आपले सामान ठेवतो. येथे कंपायलरने सामान आधी ठेविले होते, जागा मागाहून राखली होती! या दोहोंमधील अवधी क्षणाच्याही सूक्ष्म अंशाचा. परंतु नेमक्या तेवढ्यात इंटरप्ट आला, तर तो त्याच मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर आपले सामान टाकून आधीचे पुसून टाकी. म्हणूनच यंत्र केव्हा कोसळेल याचा नेम नव्हता. टोरवाल्ड्स यांनी कंपायलरविषयी जे शब्द वापरले, ते या पत्रात छापण्याजोगे नाहीत.

मौज अशी की, कंपायलरमधील हा दोष ४.५ या आवृत्तीपासून दडून होता आणि तो चुका शोधण्यास साहाय्य व्हावे म्हणून ठेवलेल्या नोंदींच्या व्यवस्थेत होता. शोधाचा दिवाच घर जाळीत होता. कर्नल बांधताना ती व्यवस्था बंद ठेवण्याचे ठरले. नोंदी थोड्या अंधुक झाल्या, पण भाषांतर शुद्ध झाले.

ही हकीकत आम्हांस आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने सांगितली. तो बंगळूर येथील एका कंपनीत एका उपकरणाचा कर्नल सांभाळतो. जुन्या कंपायलरवरील सर्व काम नव्यावर आणण्याची जबाबदारी त्याजवर होती. ते होताच उपकरण दोन-तीन दिवसांतून एकदा कोसळू लागले. वरिष्ठांनी विचार केला की, बदल याने केला, तेव्हा बिघाडही यानेच केला. आणि त्याच्या वार्षिक अहवालात तसा शेराही पडला. नाताळच्या सुटीत तो घरी आला तो राजीनामा लिहूनच. “फादर, मी ह्या कामाला लायक नाही,” असे तो म्हणाला. कोठे बिघडते हे पाहण्यासाठी त्याने मध्ये एक ओळ छापण्याची आज्ञा घातली की बिघाड नाहीसा होई. ती काढली की परत येई. आपल्या डोक्यातच काही बिघडले आहे की काय, अशी त्यास शंका येऊ लागली होती. पोटास अन्न जात नव्हते, हे त्याच्या आईने आम्हांस वेगळे सांगितले.

आम्ही त्यास उपदेश केला नाही. सर्व प्रकार आम्हांस समजावून सांगण्यास सांगितले, व तो सांगू लागला. राजीनाम्यापूर्वी त्याने आणखी एक कागद लिहिला होता, कंपायलरच्या कर्त्यांविरुद्ध तक्रारीचा. २०१४ चे उदाहरण त्यात होते. आम्ही विचारले, “त्या वेळी त्यांनी भाषांतर वाचले, तू वाचलेस काय?” त्याने वाचले नव्हते.

सुटी संपल्यावर त्याने वाचले. बिघाड एका बफरच्या काठोकाठ भरण्याशी जुळतो हे त्याने हेरले होते. तो मुद्दाम भरून बिघाड हवा तेव्हा घडविता येऊ लागला. मग निम्म्या फायली जुन्या कंपायलरने व निम्म्या नव्याने बांधून, बिघाड कोणत्या निम्म्यात राहतो हे तो पाहत गेला. हजार फायली असल्या तरी या रीतीने दहा फेऱ्यांत एकच उरते. त्या फायलीत इनलाइन असेंब्लीच्या दोन ओळी सापडल्या. पहिली ओळ उत्तर एका रजिस्टरमध्ये लिही, दुसरी ओळ एक पत्ता वाची. टिपेत विशेष काही सांगितलेले नसले, तर उत्तर लिहिण्यापूर्वी घेण्याचे सर्व घेऊन झालेले असते असे कंपायलर धरून चालतो. म्हणून नव्या कंपायलरने दोहोंस एकच रजिस्टर दिले, पत्त्यावर उत्तर लिहिले गेले, आणि दुसरी ओळ त्या उत्तरालाच पत्ता समजून भलत्याच ठिकाणी गेली. जुना कंपायलर योगायोगाने दोन निराळी रजिस्टरे देत असे. छापण्याची ओळ घातली की रजिस्टरांची वाटणी बदले, म्हणून बिघाड लपे.

म्हणजे या खेपेस भाषांतरकार निर्दोष होता. त्या दोन ओळी लिहिणारे गृहस्थ कंपनी सोडून केव्हाच गेले होते. त्यांची ओळ कित्येक वर्षे चालली, परंतु चालली म्हणून ती शुद्ध होती असे नव्हे. त्यांस आम्ही फार दोष देत नाही. टीप अपुरी असूनही काम होत राहिले, तर ती अपुरी आहे हे कळावे कसे? शेरा लिहिणाऱ्यांविषयी मात्र आमचे मत इतके सौम्य नाही. त्यांच्या हाती कोसळण्याच्या वेळचा वृत्तान्त होता, कोणत्या आज्ञेवर यंत्र थांबले ते त्यात छापलेले होते, आणि तो कोणी उघडून पाहिला नव्हता.

दुरुस्ती एका चिन्हाची झाली. ‘आणि’ या अर्थी इंग्रजीत जे वळणदार चिन्ह काढतात, ते टिपेत उत्तराच्या अगोदर घातले म्हणजे उत्तरास स्वतंत्र रजिस्टर मिळते. त्याने तेथेच न थांबता उरलेल्या साऱ्या टिपा तपासल्या आणि तशाच आणखी दोन सापडल्या. त्या अजून कोसळल्या नव्हत्या इतकेच. तक्रारीचा कागद व राजीनामा त्याने फाडून टाकला. उपकरण आता महिनोन्‌महिने चालते. अहवालातील शेरा अद्याप काढलेला नाही. त्यासाठी त्याने दोन्ही भाषांतरे शेजारी शेजारी छापून पुन्हा अर्ज केला आहे.