सीताबर्डीच्या टेकडीवरील काव्यवाचन

नागपूरच्या रेल्वे-स्थानकाजवळील टेकडीच्या गणपतीचें दर्शन पुष्कळांस घडतें. परंतु शेजारच्या सीताबर्डीच्या गडावर जाण्याचा योग क्वचितच येतो. गड लष्कराच्या ताब्यांत असल्यामुळें तो प्रजासत्ताकदिनासारख्या मोजक्या दिवशींच सर्वांस खुला होतो. गेल्या २६ जानेवारीस आम्ही सहकुटुंब तेथें गेलों. बरोबर आमची पुतणी होती. तिला परीक्षेस इंग्रजी कविता नेमलेल्या, आणि "काका, या परक्यांच्या कविता आपल्याला कशाला?" ही तिची तक्रार वाटभर चालली होती. प्रश्न अगदींच पोरकट नव्हता. त्याचें उत्तर आम्हांस गडावरच सांपडलें.

येथेंच २६ नोव्हेंबर १८१७ रोजीं सायंकाळीं आप्पासाहेब भोंसल्यांची फौज आणि इंग्रज कंपनीची पलटण यांची लढाई जुंपली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भोंसल्यांच्या अरबांनीं धाकटी टेकडी हस्तगत केली. पण कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनीं केलेल्या हल्ल्यानें पारडें फिरलें. १६ डिसेंबरच्या लढाईनें उरलेंसुरलें बळही संपलें. आप्पासाहेब पुढें परागंदा होऊन १८४० सालीं जोधपुरास वारले, आणि १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक निवर्तल्यावर डलहौसीनें राज्यच खालसा केलें.

आतां योगायोग पहा. त्याच डिसेंबराच्या अखेरीस तिकडे इंग्लंडांत शेले हा तरुण कवि एका मित्राशीं पैज लावावी तसें एक सुनीत लिहीत होता. वाळवंटांत मोडून पडलेला एका प्राचीन सम्राटाचा पुतळा, त्याखालीं कोरलेली गर्वोक्ति, आणि सभोंवार केवळ वाळू, हा त्याचा विषय. 'ऑझिमँडिअस' हें तें काव्य जानेवारी १८१८ मध्यें छापून निघालें. जेत्यांच्याच राष्ट्रांतील एक कवि विजयाच्या त्या ऐन घटकेस प्रत्येक साम्राज्याचा शेवट सांगत होता! याच सीताबर्डीच्या परिसरांत १८८५ सालीं निघालेल्या मॉरिस कॉलेजांत आमच्या वाडवडिलांच्या पिढ्या इंग्रजी वाङ्मय शिकल्या. ती वाळू कोठें इजिप्तांतच नव्हे, आपल्या खिडकीबाहेरही उडते आहे, हें किती जणांच्या ध्यानीं आलें असेल? आज त्या विद्यालयावर मॉरिससाहेबांचें नांव नसून वसंतराव नाईकांचें आहे. आणि गडावर तिरंगा फडकतो आहे.

तरी या कवितांचा उपयोग केवळ इंग्रजांस चिमटा काढण्यापुरता नाहीं. सदे याच्या ब्लेनहाइमवरील कवितेंत नातवंडें युद्धभूमींत सांपडलेली कवटी घेऊन आजोबांकडे येतात. आजोबा त्या जुन्या लढाईची थोरवी गातात, पण तिच्यापासून शेवटीं भलें काय झालें, या नातवाच्या प्रश्नास त्यांच्यापाशीं उत्तर नसतें. हें सांगतांच आमची पुतणी म्हणाली, "मग येथेंही कंपनीकडून लढणारे पुष्कळसे आपल्याच देशाचे असतील ना?" होते. फिट्झजेराल्डचे स्वार बंगालच्या फौजेचे, हिंदी होते. आम्हीं त्या आजोबांप्रमाणेंच गप्प राहिलों.

निसर्गकवितेचेंही तसेंच. कीट्सनें सप्टेंबर १८१९ मध्यें विंचेस्टरजवळ फिरून आल्यावर शरदऋतूवर जी कविता लिहिली, तिच्यांतील फळांनीं वांकलेल्या फांद्या आणि सकाळचें धुकें परीक्षेच्या टिपणांत कधींच दिसत नाहींत. आंबिया बहराचीं संत्रीं बाजारांत येतात त्या दिवसांत पहांटे काटोलच्या बागांतून एकदां जावें, म्हणजे कवीला काय दिसलें असेल तें कळतें. त्यानें आपल्या विंचेस्टरकडे ज्या डोळ्यांनीं पाहिलें, त्या डोळ्यांनीं आपण आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे पाहिलें, तर परकी कविता परकी राहत नाहीं.

सूर्य कलल्यावर आम्ही खालीं उतरलों. पायथ्याशीं थांबून मुलीनें पुस्तक उघडलें, आणि शेलेच्या सुनीताशेजारीं समासांत पेन्सिलीनें लिहिलें: "डिसेंबर १८१७. सीताबर्डी."