रोहित पक्षी, लग्नमंडप आणि आयएसओ

उजनीच्या पाण्याने इंदापूर तालुक्याची गावे घेतली आणि पक्षी दिले. १९८० साली भीमेवरचे हे धरण पूर्ण झाले. आज त्याच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या अंगाला, हिवाळ्यात रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो उतरतात आणि पुण्या-मुंबईचे लोक भल्यामोठ्या लेन्स घेऊन पहाटे होडीत बसतात. आम्हीही बसतो. लेन्स मात्र कारकुनाच्या पगारात बसेल एवढीच.

होडी अंधूक उजेडात निघते आणि तासाभरात ऊन चढते. रोलच्या जमान्यात १०० चा रोल घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत १०० च. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ दर फोटोला बदलता येतो. म्हणून आम्ही कॅमेरा मॅन्युअलवर ठेवतो आणि फक्त आयएसओ ऑटोवर सोडतो. उडत्या रोहिताचे पंख स्पष्ट यावेत म्हणून शटर १/२०००, अ‍ॅपर्चर ५.६. ही दोन आमच्या हातात, तिसरे कॅमेऱ्याच्या.

बी.कॉम. झालेल्या माणसाला हा जमाखर्चच वाटतो. शटर १/१००० चे १/२००० केले की उजेड निम्मा. ती तूट कॅमेरा आयएसओ ४०० चा ८०० करून भरतो. पण उसनवारीला मर्यादा हवी. आयएसओ वाढला की फोटोत दाणे येतात, म्हणून मेन्यूत ३२०० ची कमाल मर्यादा लावून ठेवावी. तिथेही उजेड पुरला नाही तर फोटो काळवंडतो. मग शटर आपणच सावकाश करायचे. भर दुपारी शटर सावकाश राहिले तर उलटे होते. आयएसओ १०० च्या तळाला टेकतो आणि फोटो पांढराफटक पडतो.

बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बाभळीच्या सावलीतून एका दमात उघड्या माळावर येतो. तिथे ही पद्धत फार उपयोगी. ऊन स्वच्छ आणि स्थिर असेल तेव्हा मात्र आम्ही आयएसओही हातानेच लावतो. रोहित पाण्यावरून आभाळात गेला तरी त्याच्या अंगावरचे ऊन तेवढेच असते. बदलते ती मागची बाजू, आणि कॅमेरा तिलाच भुलतो. उजळ आभाळ पाहून तो आयएसओ उतरवतो आणि पक्षी काळा येतो.

या भुलण्याचा खरा त्रास माणसांना होतो. आपल्या लग्नात वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत, पाहुणेही बरेचसे पांढऱ्यात, मागे पांढरा पडदा. कॅमेऱ्याला वाटते, केवढा हा उजेड! तो आयएसओ घटवतो, साडी मळकी दिसते आणि सावळ्या नवरीचा चेहरा अंधारात जातो. मग अल्बम करणारा कॉम्प्युटरवर त्या चेहऱ्याला गोरेपणा चोपडतो. याची आम्हाला चीड आहे. मुलगी सावळी आहे, तिचा रंग तिचा आहे. चेहरा नीट दिसला म्हणजे झाले. त्यासाठी अधिक-उणे खुणेचे बटण, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, अधिक एकच्या आसपास न्यावे. शटर-अ‍ॅपर्चर तसेच राहून आयएसओ वाढतो. काही कॅमेऱ्यांत मॅन्युअलवर हे बटण चालत नाही, तेव्हा घेण्यापूर्वी दुकानातच पाहून घ्यावे.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. बुडालेल्या गावची म्हातारी माणसे ते पाहायला येतात. अशाच एका आजोबांबरोबर आम्ही गेलो होतो. बाहेर डोळे दिपवणारे ऊन, चार पावलांवर दगडी खांबांची गडद सावली. शटर १/५००, अ‍ॅपर्चर ८ लावून आम्ही मागोमाग चाललो. आजोबा थांबत नव्हते. इथून आमची वाट, तिकडे आमचा ओटा, असे हात करून दाखवत ते बोलता बोलता सावलीत शिरले. त्यांना परत फिरा, पुन्हा दाखवा, असे सांगण्याची ती वेळ नव्हती. आयएसओ सव्वाशेवरून दोन हजारांवर गेला होता, हे आम्ही घरी पाहिले. फोटोत दाणे आहेत, पण पटक्याखालचा चेहरा आणि पुढे केलेला हात दोन्ही दिसतात. आजोबांनी दोन प्रती मागितल्या, एक मुंबईच्या मुलासाठी. बारामतीत काढून आम्ही त्या पोचत्या केल्या.