आधी पोहोचलेल्यांचे काम

बारावीचा निकाल लागून महाविद्यालयांच्या याद्या झळकू लागल्या की आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एका कागदाची मागणी एकाएकी वाढते. तो कागद म्हणजे चारित्र्याचा दाखला. कुणाला तो वसतिगृहाच्या अर्जाला जोडायचा असतो, कुणाला शिष्यवृत्तीसाठी हवा असतो. 'सदर विद्यार्थ्यास मी ओळखतो, त्याची वर्तणूक चांगली आहे' अशा दोन ओळी मी लिहितो, खाली सही करतो, शिक्का मारतो. मुलगा 'थँक्यू फादर' म्हणून निघून जातो. हा मुलगा कसा आहे हे विद्यापीठाला सांगणारा कागद त्याच्या हाती असतो. परंतु ते विद्यापीठ कसे आहे हे मुलाला सांगणारा कागद मात्र त्याला कोणीच दिलेला नसतो.

ही उणीव ख्रिस्तसभेच्या लक्षात आलेली नाही असे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसृत केला, त्यात कॅथलिक नसलेल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या मुलांची आध्यात्मिक व बौद्धिक पाठराखण करण्याची जबाबदारी मेंढपाळांवर स्पष्टपणे सोपविली आहे. आपली बहुसंख्य मुले अशाच विद्यापीठांत जातात. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींसाठी धर्मग्रामात एक रविवार राखून ठेवण्याची प्रथा आम्ही पाडली. मिस्सा झाल्यावर सभागृहात दोन तास बसायचे, त्यांना चार गोष्टी सांगायच्या, आशीर्वाद द्यायचा व चहा पाजून निरोप द्यायचा, असे तिचे स्वरूप.

यंदाच्या रविवारची तयारी करायला बसलो तेव्हा प्रथम नेहमीचीच यादी कागदावर उतरली. सांगण्यासारखे पुष्कळ असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचा साराच साचा बदलला आहे. मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द ऐकून मुलेच काय, पदवीधर पालकही गोंधळून जातात. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्सची पदवी मिळते, एवढे तरी त्यांना उलगडून सांगावे लागते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, रेल्वेचा विद्यार्थी पास, विरार लोकलची गर्दी, खाणावळीचा खर्च हे विषय आलेच. विद्यापीठेही आता पूर्वीसारखी उदासीन राहिलेली नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली नवागतांसाठी 'दीक्षारंभ' नावाचा उपक्रम सुचविला. पदवीदानाच्या समारंभाला आपण दीक्षान्त म्हणतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला हा आरंभ जोडला गेला. पहिले काही दिवस मुलांनी एकमेकांना ओळखावे, संस्थेचे नियम समजून घ्यावेत, अध्यापकांशी त्यांचा परिचय व्हावा असा त्यामागचा हेतू आहे.

यादी पुरी झाली, तरी मनाचे समाधान होईना. त्याला कारण होती आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगी.

तिचे वडील फुलांची शेती करतात. पहाटेच्या गाडीने मोगरा दादरच्या बाजारात पोहोचवून घरी परतणारा हा माणूस. बारावीला मुलीने उत्तम गुण मिळविले व दूरच्या एका विद्यापीठात तिला वसतिगृहासह प्रवेश मिळाला. आजीने 'बाय, सांभाळून रे' म्हणत कपाळावर क्रूसाची खूण केली व तिला गाडीत बसविले. सात आठवड्यांनी ती परत आली. तिला कोणी मारले नव्हते, कोणी तिच्याकडून पैसे उकळले नव्हते. रात्री जेवणानंतर मोठ्या वर्गातील काही मुली नव्या मुलींना एका खोलीत बोलावीत. हिला त्या आपल्या घरच्या बोलीत बोलायला लावीत. ती बोलली की हसत. पुढेपुढे तिचे नाव कोणी घेईना, तिच्या गावाच्या नावानेच तिला हाक मारू लागल्या. 'आम्हीही यातून गेलो आहोत, गंमत असते ही', असे तिला सांगण्यात आले. ज्या भाषेत आजीने तिला पहिली प्रार्थना शिकविली त्या भाषेचे हसे होताना तिला ऐकावे लागले. आज ती घरून गाडीने ये-जा करून जवळच्या महाविद्यालयात शिकते आहे, चांगली शिकते आहे. परंतु तिच्या मनातील ते विद्यापीठ मात्र तिच्या हातून निसटले ते निसटलेच.

या मुलीचा विचार करीत असता सेमिनरीत शिकलेले एक पान आठवले आणि मी कपाटातून संत ग्रेगरी नाझियान्झस यांच्या प्रवचनांचा ग्रंथ काढला. संत बेसिल ३७९ साली निवर्तले. त्यानंतर काही काळाने त्यांच्या या मित्राने त्यांच्यावर जे दीर्घ प्रवचन लिहिले, त्यात अथेन्समधील त्यांच्या विद्यार्थिदशेचे वर्णन येते. दोघेही कप्पदुकियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील एका प्रांताचे. चौथ्या शतकाच्या मध्यास, वयाच्या विशीत, ते उच्च शिक्षणासाठी अथेन्सला गेले. ग्रेगरी आधी पोहोचले, बेसिल थोड्या काळाने.

त्या काळच्या अथेन्समध्ये नवा विद्यार्थी आला की निरनिराळ्या गुरूंचे शिष्य त्याच्यावर तुटून पडत. जो त्याला पकडील त्याच्या गटात त्याची भरती होई. मग त्याची थट्टा सुरू होई. तो खेड्यातला आहे की शहरातला, यावर ती थट्टा रांगडी की नाजूक हे ठरे. त्यानंतर दोन-दोनांच्या रांगा करून त्याला बाजारपेठेतून मिरवीत सार्वजनिक स्नानगृहाकडे नेण्यात येई. दार जवळ आले की सारे आरडाओरडा करीत, उड्या मारीत, 'पुढे जाऊ नका, स्नानगृह आपल्याला आत घेणार नाही' असा गलका करीत, दारावर धडका देत. नवखा पोरगा भेदरून जाई. मग दार उघडे, त्याचे स्नान होई आणि बाहेर आल्यावर तो त्यांच्या बरोबरीचा मानला जाई. ग्रेगरी सांगतात की अनुभव नसलेल्याला हा प्रकार भयंकर वाटे, जाणणाऱ्याला मात्र मौजेचा. साडेसोळाशे वर्षे लोटली, तरी 'गंमत असते ही' हे वाक्य तसेच आहे!

बेसिल येणार असे कळले तेव्हा ग्रेगरींनी एक गोष्ट केली. बेसिलचे गांभीर्य व त्यांची विद्वत्ता यांची ओळख नसलेल्या विद्यार्थ्यांना ते आधीच भेटले आणि या माणसाला या प्रकारातून वगळावे म्हणून त्यांनी त्यांचे मन वळविले. त्यामुळे बेसिल हे या विधीतून सुटलेले जवळजवळ एकमेव नवागत ठरले. पुढचा तपशीलही मोठा मानवी आहे. आल्यावर बेसिल यांची निराशा झाली. अथेन्सविषयी जे ऐकले होते तसे तेथे काही आढळेना, त्यांचे मन उदास झाले. तेव्हा ग्रेगरींनीच त्यांची समजूत काढली की एखाद्या ठिकाणाचे मोल दोन दिवसांत कळत नसते, त्याला सहवास लागतो. पुढे ज्यांनी ख्रिस्तसभेला त्रैक्याचे रहस्य समजावून सांगितले आणि ज्यांचा सण आपण २ जानेवारीला एकत्र साजरा करतो, त्या दोन संतांच्या मैत्रीची सुरुवात अशी एका नवख्याच्या स्वागतापासून झाली.

ते पान वाचून मी माझी यादी बाजूला ठेवली. बेसिल यांची तयारी बेसिल यांनी केली नव्हती. ती त्यांच्या आधी पोहोचलेल्याने, ते पोहोचण्यापूर्वीच करून ठेवली होती. आपण मात्र सारा उपदेश नव्याने जाणाऱ्या मुलाला करतो. धीट हो, जपून राहा, वाईट संगत धरू नकोस! आधीच तेथे असलेल्यांना आपण काय सांगतो?

कायद्याचेही बळ हवे, यात शंका नाही. सम्राट जस्टिनियन यांनी ५३३ साली कायद्याच्या शिक्षणाची नवी घडी बसविली, तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चिकटलेले एक जुने हिणकस टोपणनाव त्यांनी बंद केले व त्याऐवजी त्यांना स्वतःचेच नाव देऊन 'नवे जस्टिनियन' म्हणावे असा आदेश दिला. नवागतांची हीन चेष्टा करण्यास त्यांनी मनाई केली आणि बैरूत शहरात त्यावर देखरेख ठेवण्याचे काम प्रांताधिकारी व अध्यापक यांच्या जोडीने तेथील बिशपांवर सोपविले. आपल्या महाराष्ट्रात छळप्रतिबंधाचा, म्हणजे रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ साली आले. प्रवेश घेताना विद्यार्थी व पालक या दोघांकडूनही आता हमीपत्र घेतले जाते. १८००-१८०-५५२२ हा मदतीचा दूरध्वनी चोवीस तास सुरू असतो, तो प्रत्येक पालकाने लिहून ठेवावा. परंतु कायदा तक्रारीनंतर हलतो. आपल्या बोलीला हसले म्हणून अठरा वर्षांची मुलगी रात्री अकरा वाजता कुणाकडे तक्रार करणार? त्या क्षणी शेजारच्या खोलीत ओळखीचे एक माणूस असावे लागते.

म्हणून यंदा नव्या मुलांच्या रविवारआधी एका संध्याकाळी मी जुन्यांना बोलावले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी आमच्या धर्मग्रामातील अकरा मुलेमुली आली. त्या मुलीलाही मी निरोप धाडला होता. ती म्हणाली, "फादर, मी येईन. पण माझी ओळख करून देऊ नका, आणि नंतर टाळ्याही नकोत." मी ते मान्य केले.

त्या मुलांना मी अथेन्सची कथा सांगितली. ती त्यांना आवडली. मग कामाचे बोलणे झाले. या वर्षी कोण कुठे चालले आहे ते काढले व प्रत्येकाकडे एकेक नवागत सोपविला. पहिल्या आठवड्यात त्याला दोनदा भेटायचे, त्याच्याबरोबर एकदा जेवायचे, जवळचे चर्च दाखवायचे, पहिला महिनाभर दर रविवारी दूरध्वनी करायचा. एका वहीत मी नावे मांडीत होतो. काम सोपे वाटत होते व सारे खुशीत होते.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली ती मुलगी म्हणाली, "फादर, एक विचारू? बेसिलला ग्रेगरीने सोडवले. बाकीच्यांना त्या स्नानगृहाकडे नेलेच ना?"

सभागृहात शांतता पसरली. ती पुढे बोलू लागली, "माझ्या खोलीत एक मुलगी होती, गडचिरोली जिल्ह्यातली. तिला रोज माझ्याबरोबरच त्या खोलीत बोलावत. मला परत यायला घर जवळ होतं. पप्पा येऊन मला घेऊन गेले. तिच्या घरून कोणी येण्यासारखं नव्हतं. मी सामान भरत होते तेव्हा ती माझ्या पिशव्यांना गाठी मारून देत होती. तिच्यासाठी कोणत्या धर्मग्रामात सभा होणार?"

या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते आणि ते देण्याची घाईही मी केली नाही. आपल्या माणसाला सांभाळणे हे प्रेमच आहे, परंतु प्रभूने सांगितलेल्या दृष्टान्तात वाटेवर पडलेला माणूस त्या शोमरोनीचा कोणीही लागत नव्हता. आपल्यापुरते कुंपण घातले, तर आपली अकरा मुले सुरक्षित राहतील आणि स्नानगृहाकडे जाणारी मिरवणूक तशीच चालू राहील. किंबहुना त्या मिरवणुकीत आपलेच एखादे मूल दुसऱ्या वर्षी पुढे चालत असेल.

विद्यापीठातील एक खोली काय घडवू शकते याची साक्ष आपल्या वसईजवळच आहे. १५२९ साली पॅरिसमधील सेंट बार्ब महाविद्यालयात तीन विद्यार्थी एका खोलीत राहू लागले. एक सॅव्हॉयमधील, लहानपणी मेंढरे राखलेला पीटर फेबर, दुसरा नव्हार्रा प्रांतातील सरदारपुत्र फ्रान्सिस झेवियर आणि तिसरा, वयाने त्यांच्याहून पुष्कळ मोठा व एका पायाने लंगडणारा, इग्नेशियस लोयोला. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस ज्या बाजूने लढले, तिच्या विरुद्ध बाजूस झेवियर यांचे भाऊ होते. अशा माणसाशी खोली वाटून घेणे तरुण झेवियर यांना सोपे नव्हते. फेबर इग्नेशियस यांना ॲरिस्टॉटल समजावून देत, इग्नेशियस फेबर यांच्या मनाची तगमग ऐकून घेत. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी जे व्रत घेतले त्याचे मूळ या खोलीत आहे. पुढे त्याच झेवियर यांचे पाय आपल्या वसईच्या मातीला लागले. ते तिघे एका धर्मग्रामाचे नव्हते, एका घरच्या बोलीचेही नव्हते. खोली वाटून देणाऱ्याने त्यांना एकत्र आणले आणि त्यांनी परक्याला परका राहू दिले नाही, एवढेच.

हे सारे बोलून झाल्यावर मी वही पुन्हा उघडली. प्रत्येकाच्या नावापुढे सोपविलेल्या नवागताचे नाव लिहिलेले होते. त्याच्या शेजारी पट्टीने मी आणखी एक रकाना आखला. आपल्या धर्मग्रामाबाहेरचे, आपल्या धर्माचे वा भाषेचे असेलच असे नाही, असे एक माणूस तेथे प्रत्येकाने शोधायचे आणि दिवाळीच्या सुटीत घरी आल्यावर त्याचे नाव सांगायचे, असे ठरले. एका मुलाने विचारले, "फादर, असं माणूस ओळखायचं कसं?" त्याला मी उत्तर देण्यापूर्वीच ती मुलगी म्हणाली, "जेवायच्या वेळी बघ. जे सगळ्यांच्या आधी जेवून उठतं, ते."

तो रकाना सध्या कोरा आहे. पालकहो, या दिवाळीत तुमची मुले घरी येतील तेव्हा गुण, फी, हजेरी यांची चौकशी तुम्ही कराल, ती अवश्य करा. त्याबरोबर एवढेही विचारा की, 'तुझ्या आधी कोण जेवून उठतं रे?' आणि त्याला सुटीत घरी जाता येत नसेल, तर नाताळला त्याचे पान आपल्या घरी मांडा.