भीतीचा कर्ता

मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवताना मी ‘स्केअर’ या एका क्रियापदावर बराच वेळ थांबते. विद्यार्थ्यांना ते अनावश्यक वाटतं, कारण घाबरवणे हा त्याचा अर्थ त्यांना शाळेपासून ठाऊक असतो. पण नुसत्या अर्थावर वाक्य उभं राहत नाही. पहिल्यांदा उठून बोलायची वेळ आली की माणूस म्हणतो, ‘आय अ‍ॅम स्केअरिंग.’ मनातल्या ‘मी घाबरतोय’चं त्यानं जसंच्या तसं इंग्रजी केलेलं असतं. ऐकणाऱ्याला मात्र हा दुसऱ्या कुणाला घाबरवतोय असं वाटतं. शेजारी बसलेला धीर देतो, ‘डोन्ट स्केअर.’ तो ‘घाबरू नका’ म्हणायला जातो आणि म्हणतो ‘घाबरवू नका’.

मराठीत मूळ क्रिया घाबरण्याची. तिला ‘व’ जोडला की घाबरवणं होतं, हसण्याचं हसवणं होतं तसंच. इंग्रजीत उलट आहे. ‘स्केअर’ मुळातच घाबरवणं आहे आणि घाबरणाऱ्याला ‘स्केअर्ड’ हे कर्मणी रूप घ्यावं लागतं. इंग्रजीत माणूस घाबरला, की व्याकरणाच्या हिशेबानं त्याला कुणीतरी किंवा कशानं तरी घाबरवलेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’चा घोळही आपोआप सुटतो.

घाबरवणारं जिवंत असायला हवं असंही नाही. ‘लिफ्ट्स स्केअर मी’, ‘युअर ड्रायव्हिंग स्केअर्स मी’ ही रोजची इंग्रजी वाक्यं आहेत. आपल्याकडे घाबरवणाऱ्याच्या मनात सहसा हेतू धरलेला असतो, म्हणून ‘लिफ्ट मला घाबरवते’ कानाला खटकतं. आपण ‘मला लिफ्टची भीती वाटते’ म्हणतो. भीती आपल्यापाशी राहते आणि लिफ्ट बाजूला उभी असते. आपले वाक्प्रचारसुद्धा आपल्याच शरीरात घडतात : पोटात गोळा येतो, बोबडी वळते, काळजात धस्स होतं. इंग्रजीत ‘इट स्केअर्ड द लाइफ आउट ऑफ मी’ म्हणतात. तिथे बाहेरचं काहीतरी येतं आणि माणसातला जीवच काढून नेतं.

म्हणून मी फळ्यावर सुटा शब्द लिहीत नाही. 1987 साली निघालेल्या कॉलिन्स कोबिल्ड शब्दकोशात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्थ अख्ख्या वाक्यात सांगायची रीत घातली. अमुक गोष्टीनं तुम्हाला असं असं झालं, तर त्याला हा शब्द, अशा धाटणीनं. कोण करतं आणि कुणाला होतं, हे त्या रचनेतच दिसतं. शिकवणाऱ्याच्या हाती यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही.

इंग्रजीनं भीतीची क्रियापदं बरीच बदलली आहेत. ‘फिअर’चा अर्थ पूर्वी घाबरवणे असाही होता. शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ नाटकात कायद्याच्या बुजगावण्याचा उल्लेख आहे, तिथे पाखरांना भिववण्यासाठी हेच क्रियापद येतं. ‘अफ्रेड’ हे ‘अफ्रे’ या घाबरवण्याच्या जुन्या क्रियापदाचं रूप. ते क्रियापद वापरातून गेलं, नाम कायद्याच्या भाषेत चारचौघांतल्या मारामारीपुरतं उरलं, आणि ‘अफ्रेड’ आता फोनवर ‘साहेब जागेवर नाहीत’ हे नम्रपणे सांगायलाही चालतं. घोडा बिथरला की ‘स्पूक’ म्हणतात. त्याला आपला ‘बुजणं’ हा शब्द चपखल बसतो आणि शेतावर वाढलेल्या विद्यार्थ्यांना तो लगेच कळतो.

‘स्केअर्ड ऑफ’ आणि ‘स्केअर्ड टू’ यांतला फरक मात्र सावकाश शिकवावा लागतो. मराठीत आपण कुत्र्याला घाबरतो. त्या ‘ला’चं काही जण ‘टू’ करतात, काही जण ‘फ्रॉम’. कुत्र्यासाठी ‘ऑफ’च हवा. पण शिडीवर उभ्या माणसाला पडायची धास्ती असेल तर ‘स्केअर्ड ऑफ फॉलिंग’, आणि उडी मारायचं धाडस होत नसेल तर ‘स्केअर्ड टू जंप’. पडणं त्याच्या हातात नाही, उडी मारणं आहे. त्या बारीकशा शब्दावर एवढं अवलंबून असतं.

नाम झाल्यावर ‘स्केअर’ आणखी फसवं होतं. ‘बॉम्ब स्केअर’ म्हणजे बॉम्ब असल्याचा संशय आणि त्यातून उडालेली घबराट. बॉम्ब फुटलेला नसतो, बहुधा सापडलेलाही नसतो. एका विद्यार्थिनीला परदेशातल्या सुनेचा निरोप आला, तिच्या आईला ‘कॅन्सर स्केअर’ झाला होता. बाईंनी त्यातला कॅन्सर तेवढा वाचला आणि रात्र रडून काढली. तपासण्या होऊन काही निघालं नाही, हीच बातमी त्या दोन शब्दांत होती. त्या प्रसंगानंतर हे नाम मी कधीच ओझरतं शिकवलेलं नाही.

सगळ्यात जास्त सराव मी काळांचा करून घेते. स्वयंपाकघरात कुणी मागून अचानक आलं तर ‘यू स्केअर्ड मी!’ म्हणतात. आपण ‘अगं बाई, केवढ्यांदा दचकले!’ म्हणतो, तसंच. त्यात तक्रार नसते. समोरचा ‘सॉरी’ म्हणतो, दोघं हसतात. पण ‘ही स्केअर्स मी’ हा साधा वर्तमानकाळ आहे. तो एका क्षणाबद्दल बोलत नाही, माणसाच्या वागण्याबद्दल बोलतो.

माझ्या वर्गात लग्न होऊन परदेशी निघालेल्या मुली असतात. तिथे ना माहेर जवळ असतं, ना ओळखीचं दार. घरात कुणाचा धाक असलाच, तर ‘मला ह्यांची भीती वाटते’ हे वाक्य त्यांना येतं, आणि ते बोलताना बाई स्वतःलाच भित्री ठरवून मोकळी होते. मला त्यांच्या तोंडी दुसरं वाक्य हवं असतं. ‘ही स्केअर्स मी’मध्ये कर्ता तो आहे. त्यानं काय केलं, मुद्दाम केलं का, हे सिद्ध करायची अट त्या वाक्यात नाही. डॉक्टरनं, शेजारणीनं किंवा पोलिसानं हे तीन शब्द ऐकले, तर पुढचा प्रश्न त्याच्याबद्दल विचारला जाण्याची शक्यता वाढते. गरज कुणाला आहे हे मी विचारत नाही. वर्गातल्या प्रत्येकीकडून आणि प्रत्येकाकडून ते मोठ्यानं म्हणवून घेते, उच्चार स्वच्छ होईपर्यंत.