पटावरचं नाव, वर्गातली जागा

आषाढात पेणच्या रामवाडीवर पाऊस उतरला की वर्गात सगळ्यात आधी मास्तरचा आवाज हरतो. पत्र्यावर सरी कोसळत असतात, मुंबई-गोवा महामार्गावरचे ट्रक पाणी उडवत जात असतात, आणि फळ्यासमोर ओरडणाऱ्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसतात. अशा वेळी खडू खाली ठेवायचा, बाकांमधून फिरायचं, एकेकाशेजारी वाकून बोलायचं. जवळ गेलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही. ढकलाढकली करणाऱ्या दोन पोरांच्या शेजारी नुसतं उभं राहिलं तरी ती वहीत डोकं घालतात. पाऊस उघडला तरी मी ही रीत सोडत नाही.

वर्गातला आवाज सगळा सारखा नसतो. गणिताचं उत्तर सापडल्यावर उसळणारा गलका वेगळा, कंटाळ्यातून पसरणारी चुळबुळ वेगळी, आणि ‘बघा ना सर, हा मारतो’ म्हणत येणारं रडं वेगळं. गलका मोडायचा नसतो. चुळबुळ सुरू झाली की पोरांआधी आपल्या शिकवण्याकडे पाहायचं. रड्यासाठी मात्र हातातलं सगळं सोडून जायचं. तिथे कोणीतरी दुखावलेलं असतं.

पेण हे गणपतीच्या मूर्तींचं गाव. श्रावण जवळ आला की कितीतरी मुलांच्या नखांत माती आणि कोपरांवर रंग दिसू लागतो. वर्गात जराही एका जागी न टिकणारा मुलगा घरच्या कारखान्यात मूर्तीच्या कडा घासत तासन्‌तास बसतो. तिथे त्याला कोणी ‘गप्प बस’ म्हणत नाही, तरी तो गप्प असतो. हातातलं काम खरं आहे, आपल्या हातून बिघडलं तर मूर्ती वाया जाईल, हे त्याला कळतं. याच पेण तालुक्यात, गागोद्याला, १८९५ साली विनोबा जन्मले. हात आणि बुद्धी यांची फारकत त्यांनी आयुष्यभर नाकारली; १९३७ साली वर्ध्यात मांडल्या गेलेल्या ‘नई तालीम’ या शिक्षणविचाराचाही गाभा तोच. म्हणून वह्या वाटणं, फळा पुसणं ही कामं मी ज्याचे हात सर्वांत अस्वस्थ असतात त्याला देतो, आणि अपूर्णांक शिकवताना मातीचा गोळा त्याच्याच हाती ठेवतो.

पण काही दंग्यांचं मूळ वर्गात नसतंच. दिवाळीनंतर पेण-रोह्याच्या वाड्यांतली कितीतरी कातकरी आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला बाहेर पडतात. मुलंही सोबत जातात. पावसाच्या तोंडावर परतलेलं मूल वरच्या वर्गात बसतं. फळ्यावर भागाकार, आणि त्याची वजाबाकीच मागे राहिलेली. ते शेजारच्याची पेन्सिल लपवतं, खिडकीबाहेर हाका मारतं. गणित येत नाही हे सगळ्यांसमोर उघडं पडण्यापेक्षा खोडकर म्हणवून घेणं त्याला सोपं वाटतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर लहान मुलांसाठी काम केलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी शिक्षण मुलांच्या अंगणात नेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. मुलाला शाळेच्या मापात बसवण्याआधी शाळेनं आपलं माप बदलून पाहिलं.

शाळेचं माप कायद्यानंही बदललं: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. छडी मोडली, पण टोमणा अजून टिकून आहे. त्याचा वळ अंगावर दिसत नाही, म्हणून तो खपून जातो. चारचौघांत अपमान झालेलं मूल गप्प बसतं खरं, पण त्या तासाला ते काही शिकत नाही. याचा अर्थ मोकळं रान द्यायचं असा नाही. नियम थोडे हवेत, मुलांशी बोलून ठरवलेले आणि सगळ्यांना सारखे. ज्यानं पाणी सांडलं त्यानं पुसायचं. ज्यानं मारलं त्याच्याशी मधल्या सुट्टीत एकांतात बोलायचं. आणि कालचा राग आजच्या हजेरीत आणायचा नाही.

मुलानं वीटभट्टीवर जाऊच नये, यासाठी झटायला हवंच. पण परत आलेल्याचं पटावर नुसतं नाव असून भागत नाही. त्याला पुढे, वाडीतल्या सोबत्याशेजारी बसवावं आणि त्याला येईल असा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा: एका थरात पंधरा विटा, तर दहा थरांत किती? तो बोटांवर न मोजता उत्तर देतो आणि सगळा वर्ग मान वळवून त्याच्याकडे बघतो. वर्गाला वळण लावायची सुरुवात मी इथूनच करतो. या खोलीत आपल्यालाही काही येतं, आणि ते बाकीच्यांनी पाहिलंय, एवढं कळलेल्या मुलाला पेन्सिली लपवायची गरज उरत नाही.